लागली, सुटली, खोळंबा

दत्तात्रेय मुळ्ये हा माणूस नंतर यायचा, आधी त्याचं मनगट यायचं. बोलता बोलता मनगट वर, चहा आला की मनगट वर, कुणी जिना चढून आलं की मनगट वर. एकदा आमच्या शिपायाच्या वडिलांच्या अंत्ययात्रेहून परत येताना त्याने मला हळूच सांगितलं की, उचलायला बावीस मिनिटं उशीर झाला. हे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते गेलेल्याबद्दल नव्हतं. अशा माणसाबरोबर मी रत्नागिरीत एका कचेरीत अकरा वर्षं काढली. त्याबद्दल मला कुणी शाल-श्रीफळ दिलं नाही. त्याला मात्र दिलं, तेही कशाबद्दल, ते पुढे येईलच.

हा रोग त्याला वारशाने आला होता. त्याचे वडील एसटी स्टँडवर कंट्रोलर होते. खिडकीमागे बसून गाडी कधी लागली आणि कधी सुटली हे वहीत लिहायचं, हे त्यांचं काम. शाळा सुटली की दत्तात्रेय त्या खिडकीपाशी स्टुलावर जाऊन बसायचा. इतर मुलं मांडवीला समुद्रावर जायची, हा देवरुख गाडी सात मिनिटं उशिरा लागली म्हणून खूश व्हायचा. एक गाडी सुटल्यापासून दुसरी लागेपर्यंत मध्ये जो वेळ जाईल तो येणाऱ्या ड्रायव्हरच्या नावावर, हा वडिलांचा नियम त्याने तिथेच पाठ केला. खिडकीमागचा माणूस स्वतःचा वेळ कुठेच लिहीत नाही, हे मात्र त्याच्या लक्षात आलं नाही. आलं असतं तर एका मुलीचं आयुष्य वेगळं झालं असतं.

आमची कचेरी म्हणजे सागरतीर प्रज्ञा परीक्षा मंडळ. जिल्ह्यातल्या शाळांमधल्या छत्तीस हजार पोरांची दरवर्षी चार विषयांची परीक्षा घ्यायची आणि कोण किती हुशार ते त्यांच्या आईबापांना छापून कळवायचं, हा आमचा धंदा. कार्यवाह होते रावजी सर, निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली तरी यांची घंटा सुटली नव्हती. टेबलावर पितळी घंटा ठेवून ते प्रौढ माणसांना बोलावत. मी सखाराम, गठ्ठ्यांचा कारकून. तपासनिसांकडून गुणांची शीटं यायची. एका शीटवर पंचवीस पोरं आणि प्रत्येकाचे वीस प्रश्नांचे गुण. ती शीटं मोजून, गठ्ठे बांधून भरणाऱ्या मुलींना वाटायची आणि भरून झाली की परत घ्यायची, हे माझं काम. त्याला अक्कल लागत नाही असं सगळे म्हणत, आणि मीही तसंच म्हणत असे, कारण त्यामुळे जबाबदारी कमी राहते.

संगणक आला अठ्ठ्याण्णव साली. खिडक्या आणि चित्रंबित्रं असलेला नव्हे, युनिक्सचा. एक मोठं यंत्र कोपऱ्यात काचेच्या खोलीत, आणि त्याला जोडलेली पाच टर्मिनलं बाहेर, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. यंत्राला गारवा लागतो म्हणून त्या खोलीत एसी बसवला. बाहेर पाच मुली घामाघूम होऊन आकडे टिपत आणि आत यंत्र थंडीत बसे. त्या थंडीत यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसणारा एकमेव इसम म्हणजे दत्तात्रेय. यंत्राने काय करायचं याच्या याद्या तो लिहायचा. आधी शीट भरून घे, मग बेरीज तपास, मग जागेवर लाव, मग जतन कर. अशा यादीला शेल स्क्रिप्ट म्हणतात, हे त्याने आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की चहावाल्यालासुद्धा पाठ झालं होतं.

दोन वर्षं सगळं ठीक चाललं, म्हणून मंडळाने त्याला दोन हजार सालच्या दिवाळीनंतर पाच दिवसांच्या शिबिराला पुण्याला पाठवलं. तिथून तो परफॉर्मन्स मॉनिटरिंग हे दोन शब्द घेऊन आला. पाच दिवसांत बाकी काय शिकवलं देव जाणे. आल्या आल्या त्याने रावजी सरांना पटवलं की, आपल्याकडे काम होतं, पण ते किती वेळात होतं हे कुणालाच माहीत नाही, आणि जे मोजलं नाही ते झालंच नाही असं समजावं. रावजी सरांना आयुष्यभर हजेरी घेतल्याशिवाय घास गोड लागला नव्हता. त्यांनी तिथल्या तिथे घंटा वाजवली आणि परवानगी दिली.

मग दत्तात्रेयाने प्रत्येक स्क्रिप्टमध्ये प्रत्येक कामाच्या आधी एक ओळ घातली आणि नंतर एक. त्या ओळी यंत्रातल्या एका लांबलचक फायलीत जाऊन पडायच्या. फायलीचं नाव त्याने ठेवलं वही. काम सुरू झालं की वहीत भरणाऱ्या मुलीचं नाव, वेळ आणि लागली. काम संपलं की नाव, वेळ आणि सुटली. बापाचा स्टँड त्याने यंत्रात उभा केला होता. एका शीटची चार कामं, म्हणजे वहीत आठ ओळी. शिवाय शीट संपलं की गोषवारा नावाची एक छोटी स्क्रिप्ट आपोआप चालायची आणि त्या मुलीची ताजी सरासरी काढून ठेवायची. शनिवारी त्याचा तक्ता छापून रावजी सरांच्या टेबलावर.

तक्त्यात खरं तर चार-पाच रकाने येऊ शकत होते. पण दत्तात्रेयाने विचार केला, आणि त्याने विचार केला की आम्ही सगळे सावध होत असू. त्याचं म्हणणं असं की, शीट भरायला किती वेळ लागतो हे तपासनिसाच्या अक्षरावर अवलंबून, किती शीटं झाली हे सखारामभाऊ किती गठ्ठे देतात त्यावर अवलंबून. म्हणजे हे दोन आकडे न्याय्य नव्हेत. पण एक शीट सुटल्यावर दुसरं लागेपर्यंत मधे जो वेळ जातो, तो निव्वळ माणसाच्या वृत्तीचा. त्याला त्याने नाव दिलं खोळंबा, आणि तक्त्यात तेवढा एकच रकाना ठेवला. न्याय करण्याची अशी हौस असलेल्या माणसाला कोर्टात पाठवावं, काचेच्या खोलीत ठेवू नये.

आता सगुणा. सगुणा आडिवरेकर, नाटे गावची. घरची मच्छीमारी. बारावीनंतर टायपिंग शिकून रत्नागिरीत मामाकडे राहायला आली आणि आमच्याकडे हंगामी म्हणून लागली. हंगामी म्हणजे परीक्षेपुरती बोलवायची आणि निकाल लागला की जा म्हणायचं. अशी तीन वर्षं तिने काढली होती, कारण चौथ्या वर्षी एक जागा कायम होणार असं रावजी सर दरवर्षी सांगत. दोन हजार एक साली ती खरोखरच होणार होती. जागा एक आणि भरणाऱ्या मुली पाच. कायम झाली तर सगुणा रत्नागिरीत राहणार, नाही तर भावांनी सांगून ठेवलं होतं की आता पुरे, घरी ये आणि आम्ही बघू त्याच्याशी लग्न कर. हे तिने स्वतः कधी सांगितलं नाही. आमच्या कचेरीत न सांगितलेल्या गोष्टी आधी कळत.

ती काम कसं करायची हे मला ठाऊक होतं, कारण गठ्ठे मी वाटायचो. बाकीच्या मुलींचा एक गठ्ठा संपेपर्यंत सगुणा दोनदा माझ्या टेबलापाशी येऊन उभी. शीटावर बोट ठेवायची नाही, ओठ हलवायची नाही, डावीकडे कागद आणि उजव्या हाताची बोटं, बस. दुसऱ्या टोकाला होती अपूर्वा. तिच्यात वाईट काही नव्हतं. ती शीट समोर ठेवायची, पंख्याकडे बघायची, मग एक ओळ भरायची आणि पुन्हा पंख्याकडे बघायची, जणू उत्तरं वर लिहिली होती. सगुणाच्या पन्नास शीटांना अपूर्वाची बावीस, हा रोजचा मेळ. जगात कुठल्याही कचेरीत यावर निर्णय घ्यायला पाच मिनिटं पुरली असती. आमच्याकडे तक्ता होता.

पहिल्या शनिवारी तक्ता आला. सगुणाचा खोळंबा वीस सेकंद, बाकीच्यांचा दहा-पंधरा. दुसऱ्या आठवड्यात तिचा चाळीस. मग सव्वा मिनिट. सगळ्यांचाच वाढत होता, पण सगुणाचा सगळ्यांच्या पुढे. अपूर्वाचा सर्वांत कमी. दत्तात्रेयाने रावजी सरांना समजावून सांगितलं की, हंगाम जसजसा पुढे जातो तसा माणूस आळसावतो, हे पुण्यालाही शिकवलं आहे. रावजी सर काचेतून बघायला लागले. आणि दिसायचंही तसंच. सगुणा शीट संपवायची आणि मांडीवर हात ठेवून पडद्याकडे बघत बसायची. एक मिनिट, दीड मिनिट. अपूर्वा बिचारी सतत काहीतरी टिपताना दिसायची.

एक दिवस सगुणा काचेच्या खोलीच्या दारात गेली. मी समोरच गठ्ठे बांधत होतो, म्हणून मला शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"मुळ्ये सर, माझं शीट संपतं, पण पडदाच हलत नाय. नवीन शीट घेतच नाय तो. दोन दोन मिनटं मी नुसती बसून असते."

दत्तात्रेयाने मनगट वर केलं, मग वहीत डोकं घातलं. "वहीत तसं दिसत नाही," तो म्हणाला. "वहीत सुटली आहे. सुटल्यानंतर पुढची लागायला तुम्ही वेळ घेता."

तिने एकदा बाहेर येऊन बघा म्हणून सांगितलं. खुर्ची सोडून पंधरा पावलं चालत जायचं होतं. तो म्हणाला, डोळ्यांनी बघितलेलं प्रत्येकाला वेगळं दिसतं, म्हणून तर मोजमाप आणलं. ती परत जागेवर जाऊन बसली. त्यानंतर पडदा अडकला की ती पुढचं शीट आधीच वाचून ठेवायला लागली. रावजी सरांना वाटलं, आता ती कागदाआड तोंड लपवते.

मार्चअखेर निर्णयाचा दिवस आला. रावजी सरांनी घंटा वाजवून मला आत बोलावलं. तक्ता पुढे होता. सगुणा दोन मिनिटं नऊ सेकंद, अपूर्वा अडुसष्ट सेकंद. सरांचं मन थोडं खात असावं, कारण त्यांनी मला सरळ विचारलं, सखाराम, गठ्ठे तू वाटतोस, तुझं काय म्हणणं.

इथे दत्तात्रेयाची टिंगल थोडी थांबवतो. मला एकच वाक्य बोलायचं होतं. सगुणा सर्वांत जास्त गठ्ठे नेते आणि तिचं एक शीट चुकून परत येत नाही. तेवढं पुरलं असतं. पण त्याच्या आधल्या आठवड्यात तिने माझ्या गठ्ठ्यांवरचे क्रमांक चुकलेले सर्वांसमोर दाखवले होते, आणि मुली हसल्या होत्या. ते माझ्या पोटात होतं. मी म्हणालो, सर, आकडे आहेत तर आकडेच बघा, आपण कशाला मध्ये. सरांना सुटल्यासारखं झालं. मी बाहेर येऊन चहा घेतला आणि तो मला चांगला लागला, हेही लिहून ठेवतो.

अपूर्वा कायम झाली. सगुणाने टेबल पुसलं, खुर्चीवरची उशी पिशवीत घातली आणि शेवटचा गठ्ठा माझ्याकडे मोजून दिला. रडली वगैरे नाही. जाताना सगळ्यांना येते म्हणाली. दत्तात्रेयाने घड्याळ बघितलं आणि सांगितलं की पावणेपाचची नाटे गाडी मिळेल.

पुढचं वर्ष त्याने ज्या दिमाखात काढलं ते सांगण्यासारखं आहे. कुणीही कचेरीत आलं की त्याला काचेच्या खोलीत नेऊन वही दाखवायचा. लागली, सुटली, लागली, सुटली, अशा ओळी पडद्यावरून सरकायच्या आणि हा बाजूला उभा, स्वतःच्या बारशाला आल्यासारखा. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी विचारलं की, याने निकाल लवकर लागतो का. दत्तात्रेय म्हणाला, लवकर लागतो की उशिरा ते कळतं. मुख्याध्यापक मान डोलवत गेले.

दरम्यान कायम झालेल्या अपूर्वाकडे मंडळाच्या बारीकसारीक परीक्षांचीही शीटं आली. वर्षभर ती एकटीच भरत होती. आणि दोन हजार दोनच्या जानेवारीत तक्त्यात तिचा खोळंबा दोन मिनिटांच्या वर गेला. सगुणाच्या पुढे. दत्तात्रेय चक्रावला. त्याने आधी तिचा कीबोर्ड बदलला. मग टर्मिनल बदललं. मग ती नेमकी सगुणाच्याच जागेवर बसते हे लक्षात येऊन खुर्ची हलवली, आणि रावजी सरांच्या सांगण्यावरून त्या जागी नारळ फोडला. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासलं. खाऱ्या हवेने तारा गंजल्या असतील म्हणून तारा बदलल्या. पंखासुद्धा बदलला, त्यामुळे अपूर्वाची फार गैरसोय झाली. खोळंबा काही हलेना.

फेब्रुवारीत एके सकाळी यंत्र बंदच पडलं. डिस्क भरली होती. भरायला कारण वही. चौदा महिन्यांच्या लागली-सुटलीने यंत्रात सुई ठेवायला जागा उरली नव्हती. दत्तात्रेयाने जुनी वही टेपवर उतरवली, यंत्रातून पुसली आणि नवी कोरी वही सुरू केली. अकरा वाजता काम चालू झालं. साडेअकराला तो काचेच्या खोलीतून बाहेर आला आणि माझ्या टेबलाजवळ उभा राहिला. मनगट खालीच होतं, म्हणून मी मान वर करून बघितलं.

सगळ्यांचा खोळंबा शून्य आहे, असं तो म्हणाला. अपूर्वाचाही. सगळ्यांचाच.

मी म्हटलं, मग पेढे काढ. तो तसाच आत गेला. पाठोपाठ मीही गेलो, कारण त्याचा चेहरा मला बरा वाटला नाही. त्याने टेपवरची जुनी वही परत एका बाजूला उतरवून घेतली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने गोषवाऱ्याच्या आधी एक लागली घातली आणि नंतर एक सुटली. सगळ्या स्क्रिप्टांना त्याने घड्याळ बांधलं होतं. मोजणाऱ्या स्क्रिप्टला तेवढं बांधायचं राहिलं होतं. मग त्याने सगुणाचं नाव देऊन गोषवारा चालवला, आणि आम्ही दोघं पडद्याकडे बघत बसलो. पडदा हलेना. दोन मिनिटं आठ सेकंद पडदा हलला नाही.

त्याने मला समजावून सांगितलं, आणि या वेळी मला पहिल्या झटक्यात समजलं. गोषवारा ताजी सरासरी काढायचा म्हणजे त्या मुलीच्या नावाच्या पहिल्या दिवसापासूनच्या सगळ्या ओळी एकेक करून वाचायचा. जिच्या ओळी जास्त, तिला वेळ जास्त. तो चालू असेपर्यंत तिचा पडदा अडकलेला. तो वेळ सुटली आणि लागलीच्या मध्ये पडायचा, म्हणून तिच्या नावावर. म्हणजे जी जास्त शीटं भरेल, तिच्या ओळी जास्त, तिचा खोळंबा मोठा. सगुणाच्या सोळाशे बारा शीटांच्या जवळजवळ तेरा हजार ओळी होत्या. ती जितकी धावली तितकी आळशी ठरली. अपूर्वाने पंख्याकडे बघून स्वतःचं भलं केलं होतं.

मी त्याला तोंडावर गाढव म्हणालो. तो हो म्हणाला. भांडायला आलेल्या माणसाला असं हो म्हणणं हाही एक प्रकारचा छळच असतो.

रावजी सरांकडे तो स्वतः गेला, एवढं त्याच्या बाजूने सांगतो. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, आता यंत्र जलद चालतं ना. चालतं म्हटल्यावर ते म्हणाले, मग झालं तर, मागचं उकरून मंडळाची शोभा करायची नाही, आणि जागा तर आता भरलेलीच आहे. अहवालात लिहा, नवीन सुधारणेमुळे कामाचा वेग वाढला. मार्चमध्ये मंडळाच्या वर्धापनदिनाला वेग वाढवल्याबद्दल दत्तात्रेय मुळ्ये यांना शाल आणि श्रीफळ देण्यात आलं. त्याने घेतलं. टाळ्या वाजत असताना तो व्यासपीठावर मान खाली घालून उभा होता. लोकांना वाटलं विनय आहे. मला किळस आली, आणि मी टाळ्या वाजवल्या.

एप्रिलमध्ये एका रविवारी सकाळी तो माझ्या दारात आला. हातात छापलेला कागद, कडेला भोकं असलेला. म्हणाला, नाट्याला जाऊन येऊ, एकट्याने जायला धीर होत नाही. मी जायचं कारण नव्हतं, पण नाही म्हणायचं कारणही मला सापडलं नाही. पावस, आडिवरे करत गाडी दोन-अडीच तासांनी नाट्याला लागली. वाटेत त्याने किती मिनिटं उशीर झाला ते सांगितलं नाही.

सगुणा बाजारातच भेटली. भावाने एसटीडी बूथ काढला होता, त्यात ती बसत होती. लग्नाचं भावांनी ठरवलं होतं, मे महिन्यात होतं. काचेच्या आत एक माणूस मुंबईला फोनवर ओरडत होता आणि तिच्या समोर मीटरचे लाल आकडे पळत होते. तिने आम्हाला बाकावर बसवलं, पाणी दिलं आणि रत्नागिरीत सगळे बरे आहेत ना असं विचारलं.

दत्तात्रेयाने कागद तिच्यापुढे ठेवला आणि सगळं सांगितलं. गोषवारा, ओळी, पडदा, शाल, काही वगळलं नाही.  वहीत हेही होतं, तो म्हणाला, तुमच्या एका शीटला सरासरी सहा मिनिटं चाळीस सेकंद. पाचजणींत सर्वांत कमी. सगळं होतं वहीत. मी तो रकाना काढला नव्हता.

तिने कागद वाचला. सावकाश, वरपासून खालपर्यंत. "जागा आहे काय आता?" तिने विचारलं.

नाही, तो म्हणाला. पण मी लेखी देतो की चूक माझी होती.

"मग ह्यो कागद माझ्यासाठी कशाला आणलात, मुळ्ये सर? पडदा हलत नव्हता ह्ये मला ठाऊक होतं की. मीच बसलेली होते समोर."

 आत मुंबईवाला अजून ओरडत होता. मग तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नव्हे. गठ्ठा मोजून घेताना बघायची तसं.

"त्यांना वहीनं फसवलं, सखारामभाऊ," ती म्हणाली. "तुम्ही गठ्ठे वाटायचात. तुम्हाला काय दिसत नव्हतं?"

इतकी वर्षं मी या माणसाची टिंगल केली. त्याच्या मनगटाची, त्याच्या बापाच्या खिडकीची, त्याच्या लागली-सुटलीची. तो निदान मूर्ख होता. त्याने पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं तेव्हा अडीच तास गाडीत बसून सांगायला आला. मी रोज पाहत होतो. त्या बाकावर बसून मला माझी इतकी लाज वाटली की मी पेल्यातलं संपलेलं पाणी पुन्हा प्यालो. क्रमांक दाखवले त्याचा राग होता, असं तिला सांगायला तोंड उघडलं, पण ते कारण म्हणून इतकं क्षुद्र होतं की शब्द बाहेर आला नाही. मी चुकलो एवढंच म्हणालो. ती हां म्हणाली.

फोन संपवून तो माणूस बाहेर आला. तिने मीटर बघून त्याला काय ते सांगितलं, त्याला निरोप दिला आणि मग आमचा कागद उलटा केला. मागची बाजू कोरी होती. जाड पेनने तिने मोठ्या अक्षरांत लिहिलं, लाइन लागत नसेल तर सांगावे, बघितले जाईल. कागदाला वर दोन टाचण्या लावल्या आणि बूथच्या दाराशी टांगला, आकड्यांची बाजू भिंतीकडे करून.

परतीची गाडी तीनला होती, ती कधी आली ते मला आठवत नाही. दत्तात्रेयाने गोषवारा दुसऱ्या दिवशी यंत्रातून काढून टाकला. त्यानंतर एखाद्या मुलीने पडदा हलत नाही म्हणून सांगितलं की तो खुर्चीवरून उठायचा, पंधरा पावलं चालत जायचा आणि तिच्या पाठीशी उभं राहून पडद्याकडे बघायचा. मी आणखी सहा वर्षं गठ्ठे वाटले. कोण किती नेतं ते मला कुणी पुन्हा विचारलं नाही, आणि मीही कुणाला आपणहून सांगितलं नाही.